दीड गोळी

मुलांनो, गेल्या महिन्यात तुमच्यातल्या थोरल्याने मला फोनवर विचारलं, "आजी, आजोबा दारू प्यायचे का गं?" तिकडच्या डॉक्टरांच्या फॉर्मवर घरात कोणाला व्यसन होतं का, असा एक रकाना होता आणि तिथे काय लिहावं हे त्याला कळेना. त्याला आठवत होतं ते एवढंच: तुम्ही नाताळच्या सुट्टीत भिवंडीला आलात तेव्हा आजोबा भिंत धरत दारापर्यंत आले, त्यांची जीभ जड झाली होती, आणि कॅरमचा डाव अर्धा टाकून ते बसल्या जागी झोपले. मी "छे, काहीतरीच" म्हटलं आणि तिकडे थंडी किती आहे ते विचारलं. फोन ठेवल्यावर माझी मलाच लाज वाटली. त्यांनी आयुष्यात दारूला हात लावला नाही, आणि तरी त्या रकान्यात "नाही" लिहिणं खोटं ठरेल. खरं काय ते माझ्याशिवाय आता कोणाला पूर्ण ठाऊक नाही. पुढच्या आठवड्यात माझ्या दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. किरकोळ असतं म्हणतात. तरी जे लिहायचं ते आधी लिहून हातावेगळं करावं, ही माझी जुनी सवय.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. तीस वर्षं शाळेत मी इंग्रजीच शिकवलं. पण आजोबांच्या त्या दिवसांबद्दल इंग्रजीत मी आधीच एक अख्खी निळी फाइल भरून ठेवली आहे आणि तिच्यात औषधांच्या नावांखेरीज काही नाही. हे आईकडून वाचून घ्या.

आजोबा एका साइझिंगमध्ये सुपरवायझर होते. साइझिंग म्हणजे लूमवर चढवण्याआधी सुताला खळ लावून वाळवतात तो कारखाना. बत्तीस वर्षं त्यांची शिफ्ट दर आठवड्याला बदलत राहिली. त्यांच्या जेवणाला, आंघोळीला, झोपेला ठरलेली वेळ नव्हती, आणि मी घड्याळाच्या काट्यावर चालणारी. ड्युटीवरून आले की अंगाला खळीचा आंबूस वास यायचा आणि पाच मिनिटांत झोपून जायचे, भर दुपारी, शेजारच्या गाळ्यात बारा लूम खडखडत असताना. निवृत्त झाले आणि झोप गेली. "माझी झोप अजून ड्युटीवर आहे," म्हणायचे. तीन महिने आम्ही ते हसण्यावारी नेलं. मग आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी एक लहानशी गोळी लिहून दिली, अल्प्राझोलाम नावाची. पंधरा दिवस घ्या म्हणाले.

त्या पंधरा दिवसांची दहा वर्षं कशी झाली हे मला तारीखवार सांगता येत नाही, आणि तारीखवार सांगता येत नाहीत अशा गोष्टी माझ्या आयुष्यात फार थोड्या आहेत. डॉक्टर दवाखाना बंद करून मुलाकडे राहायला गेले. त्यांची चिठ्ठी घडीवर फाटेपर्यंत चालली. फाटल्यावर चिठ्ठीशिवाय चाललं, कारण आमच्या भागातल्या औषधाच्या दुकानांत उभी असलेली माणसं बहुतेक माझ्या वर्गातून गेलेली. बाईंच्या घरचं आहे म्हटल्यावर कोणी काही विचारत नसे. मला त्याचा अभिमान होता.

रात्री एक गोळी. पुढे दुपारीही अर्धी, कारण दुपारी त्यांचा जीव घाबरा व्हायचा. मी स्टीलच्या ताटलीवर ब्लेडने गोळी अर्धी करून द्यायची. दिवसाला दीड. त्यात कधी चूक नाही.

मग ते विसरू लागले. आधी चष्मा, छत्री. ते सगळेच विसरतात. मग कॅरम खेळताना आपली पाळी झाली की यायची आहे ते विसरू लागले. एकदा कशेळीला जुन्या सहकाऱ्याकडे जायला निघाले आणि तीन तासांनी शेलारच्या, म्हणजे अगदी उलट्या, बाजूने परत आले, रिक्षावाल्याला नावं ठेवत. एका दुपारी गॅसवर दूध ठेवून गॅलरीत जाऊन बसले. मी बाहेरून आले तेव्हा पातेलं काळं पडलं होतं आणि ते मला म्हणाले, "कारखान्यात काहीतरी जळतंय, कोणाला तरी सांग." मी धरून चालले की वय झालं. माझ्या सासऱ्यांचंही शेवटी असंच झालं होतं.

त्या सुमारास इंग्रजी पेपरच्या पुरवणीत मी एक लेख वाचला. म्हाताऱ्या माणसांना या गोळ्यांनी विसर पडतो, तोल जातो, आणि गोळ्या सावकाश सोडवल्या तर काहींचं डोकं पुन्हा बरंच स्वच्छ होतं, असं त्यात होतं. "काहींचं" या शब्दाखाली मी पेन्सिलने रेघ मारली. ज्या माणसाशी मी लग्न केलं तो परत मिळण्याची ती एकच वाट मला दिसली आणि मी ती धरली.

घरी कॉम्प्युटर नव्हता. नाक्यावर एक सायबर कॅफे होता. पूर्वी तिथे एसटीडी बूथ होता; मालक तेच, उत्तरेकडून येऊन भिवंडीत म्हातारे झालेले. मी रोज अकरा वाजता जाऊन प्लायवूडच्या खोपटात बसायची आणि कागद छापून घ्यायची. चौथ्या की पाचव्या दिवशी कागद हातात देताना ते म्हणाले, "मॅडम, इधर सब कपडे का कारखाना डालते हैं, आप गोली का डालोगी क्या?" घरच्या माणसासाठी आहे म्हटल्यावर ते पुन्हा थट्टेने बोलले नाहीत. पंख्याखालची खुर्ची माझ्यासाठी ठेवू लागले, आणि लोडशेडिंगची वेळ झाली की पाच मिनिटं आधी हाक मारायचे, म्हणजे अर्धवट राहिलेलं मी हाताने उतरवून घ्यावं.

मला हवं होतं ते साधं होतं. मलेरियाला औषध असतं, टायफॉइडला असतं, तसं या गोळ्या सोडवायलाही असणारच, फक्त ते भिवंडीपर्यंत आलेलं नसणार, असं मी धरून चालले होते. धडधड कमी करायला प्रोप्रॅनोलॉल देऊन पाहिलेलं सापडलं. झटके येऊ नयेत म्हणून कार्बामाझेपिन. उदासीवरच्या गोळ्या. ही गोळी बदलून त्याच कुळातली, पण अंगात जास्त वेळ टिकणारी डायझेपाम देणं. प्रत्येक लेखाचा दहा ओळींचा सारांश फुकट दिसायचा आणि पुढचं वाचायचं तर पडदा कार्डाचा नंबर मागायचा. मग मी तुमच्या आईला याद्या पाठवल्या आणि ती तिकडून छापून जाड पाकिटं धाडू लागली. पूर्ण लेखांतही सारांशाहून निराळं काही नसे. थोडे रुग्ण, थोडे आठवडे, बरेचसे मध्येच सोडून गेलेले. आणि शेवटी मे, माइट, कुड. या तीन शब्दांतला फरक मी मुलांना वर्षानुवर्षं शिकवला. संशोधक मंडळींना तो उत्तम येत होता. चार महिन्यांनी फाइल भरली तेव्हा तिचा अर्थ एका ओळीत मावत होता: सोडवणारं खात्रीचं औषध नाही; जास्त टिकणाऱ्या गोळीवर न्यायचं आणि ती तिळातिळाने कमी करत जायचं.

ठाण्याला एक मानसोपचारतज्ज्ञ होते. "मी काय वेडा आहे?" म्हणून आजोबा दोन महिने अडून बसले. शेवटी मी टोमणा मारला, की नाताळात नातवंडं येणार आहेत, त्यांची नावं तरी बरोबर घ्या. दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून तयार होते. काल्हेरजवळ आमची बस गोदामाच्या ट्रकांत तासभर अडकली. ते खिडकीबाहेर बोट दाखवत होते: इथे भात होता, इथेही भात होता. ते सगळं त्यांना नीट आठवत होतं.

डॉक्टर तरुण होते. माझी फाइल चाळून म्हणाले की काकू, तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वाचलंय. मला ते आवडलं, हे कबूल करायला हवं. मग त्यांनी आजोबांकडे पाहिलं.

"काका, दिवसाला किती गोळ्या होतात?"

"दीड," मी म्हटलं.

आमच्या घरात असल्या प्रश्नांची उत्तरं मीच द्यायची. त्यांच्या शर्टाचं माप, चष्म्याचा नंबर, पोळ्या किती, रक्तदाब किती, सगळं माझ्या तोंडी. डॉक्टरांनी दीड लिहून घेतलं. आजोबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. मला वाटलं, कंटाळले.

डॉक्टरांनी दीड गोळीच्या हिशेबाने डायझेपाम लिहून दिली आणि ती दर पंधरा दिवसांनी किती कमी करायची ते सांगितलं. मी घरी येऊन वहीत तक्ता आखला: तारीख, सकाळ, रात्र, झोप, शेरा. आणि त्याच संध्याकाळी आणखी एक गोष्ट केली, जी डॉक्टरांनी सांगितली नव्हती. आमच्या भागातल्या तिन्ही औषधाच्या दुकानांत जाऊन बजावलं, की यापुढे काकांना झोपेची एकही गोळी द्यायची नाही, मी चिठ्ठी घेऊन येईन तेव्हाच. जुनी गोळी पुन्हा घरात यायला नको, एवढाच माझा हेतू होता. नाक्यावरच्या दुकानाचा मालक माझा विद्यार्थी, केस पांढरे झालेला माणूस. मी बोलत असताना तो गल्ल्यामागे वर्गात उभा राहावा तसा उभा होता.

"बाई, एकदम बंद?"

"एकदम."

तो तसाच उभा राहिला. काही विचारायचं आहे का, असं मी म्हटलं. नाही बाई, म्हणाला.

पहिले दहा दिवस फार चांगले गेले. आजोबा झोपत होते, जेवत होते. सकाळी मी वही उघडली की विचारायचे, "बाई, आज पास की नापास?" मी लाल शाईने "उत्तम" लिहायची. तुमच्या आईला फोनवर सांगितलं, की चार महिन्यांचं वाचन कामी आलं. कॅफेवाल्यांनाही सांगून आले. मुबारक हो, म्हणाले.

अकराव्या दिवशी त्यांचा हात थरथरू लागला. चहा बशीत सांडायचा. बाराव्या दिवशी घामाने सदरे भिजले, आणि ज्या खडखडाटात ते वर्षानुवर्षं झोपले त्या लूमचा आवाज सोसेना. कानांवर उशी दाबून बसायचे. तेराव्या दिवशी त्यांना भिंतीवर मुंग्या दिसू लागल्या. भिंतीवर मुंग्या नव्हत्या. मी फाइल काढून पाहिली. थरथर, घाम, आवाज न सोसणं, भास, सगळं यादीत होतं आणि मीच त्याखाली रेघा मारल्या होत्या. त्यामुळे मी घाबरले नाही. अडाणी बाई असती तर घाबरली असती आणि त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेली असती.

दुपारी ते स्वयंपाकघराच्या दाराशी आले. "अगं, आज एक जास्त दे." मी वही आणून त्यांना तक्ता दाखवला. आता मागे फिरलो तर सगळे कष्ट पाण्यात जातील, थोडं सोसायला हवं, असं सांगितलं. त्यांनी तक्ता बराच वेळ पाहिला. पुन्हा मागितली नाही.

चौदाव्या दिवशी सकाळी दाढी करताना ते मोरीत पडले. मी गेले तेव्हा अंग ताठ होऊन झटके देत होतं, तोंडाला साबणाचा आणि थुंकीचा फेस आला होता, डोक्याला खोक पडली होती. शेजारच्या गाळ्यातल्या दोन विणकरांनी लूम बंद करून त्यांना उचललं आणि रिक्षात घातलं. इस्पितळातल्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न मला अजून ऐकू येतो: "पेशंट पितात का?" मी ताठ मानेने सांगितलं, कधीच नाही. मग गोळ्यांचं सांगितलं. किती, त्यांनी विचारलं. दीड, मी म्हटलं. "दीड गोळी कमी करून असं होत नाही, आजी," म्हणाले आणि आत गेले. आत त्यांनी डायझेपामचंच इंजेक्शन दिलं. काही मिनिटांत झटके थांबले. ज्याच्यापासून सोडवायला मी निघाले होते त्यानेच त्यांना वाचवलं.

संध्याकाळी नाक्यावरचा माझा विद्यार्थी थर्मासमधून चहा घेऊन आला. बाकावर बसला नाही, उभाच राहिला. काका त्याच्याकडून रोज दोन गोळ्या न्यायचे. दुपारी बातमी कळल्यावर त्याने दुसऱ्या दोन दुकानांत जाऊन विचारलं होतं. सगळं मिळून, मी देत असे त्या दीड गोळीखेरीज, रोज आणखी पाच. कितीतरी वर्षं.

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाहीत, बाई."

उर्मटपणे म्हणाला नाही. त्याचे डोळे भरले होते. परीक्षेच्या आधी मी प्रत्येक वर्गाला एकच गोष्ट सांगत असे: विचारलंय तेवढंच लिहा, आपल्या मनाचं घालू नका. तीस वर्षं सांगितलं. तो चहा मी प्यायले, कारण त्याने तो एवढ्या लांबून आणला होता.

घरी आल्यावर कॅरमच्या सोंगट्यांच्या लाकडी डब्यात, तळाच्या कापडाखाली, गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या सापडल्या. हाताने सपाट करून, एकावर एक ठेवून, रबर बँड लावलेल्या. नीटनेटकेपणा माझ्याकडून उचलला असणार. दुकानांनी गोळ्या देणं बंद केल्यावर लपवलेला साठा दहा दिवस पुरला होता. माझे ते दहा "उत्तम" दिवस म्हणजे तो साठा. माझा तक्ता पाव गोळीपर्यंत बिनचूक होता. फक्त पहिली ओळ चुकली होती, आणि ती मी त्यांना उच्चारू दिली नव्हती.

इस्पितळातून आणल्यावर आठवड्याने, गॅलरीत बसलो असताना, मी त्यांना विचारलं की ठाण्याला डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तुम्ही का बोलला नाहीत.

"तू इतक्या खात्रीने सांगितलंस, मला वाटलं दीडच असेल." थोडं हसले. मग म्हणाले, "तू गप्प बसली असतीस तरी मी दीडच सांगितलं असतं."

हे खरं होतं की माझ्या मनाला बरं वाटावं म्हणून म्हणाले, ते मला आजवर ठरवता आलेलं नाही. बरं वाटलं नाही.

त्यानंतर खऱ्या आकड्यापासून पुन्हा सुरुवात झाली. साडेसहा गोळ्यांच्या जागी द्यावी लागणारी डायझेपाम फार होती. तिने ते झोकांड्या खात चालू लागले, जीभ जड झाली, बसल्या जागी झोप लागू लागली. तुम्ही आलात ते याच दिवसांत. आजोबांना मलेरिया होऊन गेलाय, असं मी तुम्हाला सांगितलं होतं. ते खोटं होतं. धाकटीला त्यांनी तिच्या आईच्या नावाने हाक मारली आणि ती रडली, तेव्हा ते उठून आत गेले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. नावं पाठ करून ठेवली होती त्यांनी. वहीच्या शेवटच्या पानावर त्यांच्या अक्षरात तुमची दोघांची नावं पाच-सहा वेळा लिहिलेली आहेत.

पुढे दीड वर्ष आम्ही कमी करत गेलो. निम्म्याच्या खाली आलो. चाल थोडी सुधारली, डोकं सुधारलं नाही. गोळ्यांमुळे असेल, झटक्यामुळे असेल, डोक्याला लागलेल्या मारामुळे असेल, किंवा माझ्या सासऱ्यांना होतं ते असेल, आता वेगळं काढता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. पुन्हा तेच तीन शब्द, या वेळी मराठीत.

मी कॅफेत जातच होते. फाइलमधला शेवटचा कागद एका औषधाचा आहे, जे या गोळ्यांचा अंमल उतरवायला इंजेक्शनने देतात. ते सलाइनमधून अगदी हळू, काही दिवस देऊन सवय मोडते का, हे परदेशात कोणी पाहत होतं. मी तो कागद ठाण्याला घेऊन गेले. डॉक्टरांनी पूर्ण वाचला, माझा मान राखला. मग म्हणाले, "काकू, हे इथे कोण करणार? आणि काकांना ते सोसणार नाही." मी कागद घडी करून परत घेतला.

त्यानंतरच्या हिवाळ्यात न्यूमोनियाने ते गेले. शेवटच्या दिवशीही सकाळची अर्धी गोळी मी पाण्यात विरघळवून दिली होती. वहीत नोंद आहे. शेऱ्याच्या रकान्यात काही नाही. महिन्याभराने मी अकरा वाजता कॅफेत गेले, सवयीने, आणि पंख्याखालच्या खुर्चीवर बसून राहिले. मालकांनी जवळ येऊन विचारलं, "मॅडम, मिला कुछ?" नहीं मिला, मी म्हटलं. त्यांनी त्या दिवशी मशीन चालू केलं नाही आणि मला उठायलाही सांगितलं नाही.

तर थोरल्या, त्या रकान्यात असं लिही: दारू कधीच नाही. झोपेची गोळी, डॉक्टरांनी पंधरा दिवसांसाठी दिलेली, दहा वर्षं, दिवसाला साडेसहा. जागा उरली तर हेही लिही, की घरच्यांना दीड वाटत होती. आणि तुला कधी कोणी तसली गोळी दिली आणि किती घेतोस असं विचारलं, तर उत्तर दुसऱ्या कोणाला देऊ देऊ नकोस.

कॅफे बंद झाला आहे. शेजारच्या गाळ्यात आता लूम नाहीत, पुठ्ठ्यांचं गोदाम आहे, आणि घर इतकं शांत असतं की मलाच झोप येत नाही. मी काही घेत नाही. निळी फाइल आणि वही कपाटात खालच्या कप्प्यात आहेत. कॅरम बोर्ड कपाटामागे उभा आहे. एकोणीस सोंगट्या आहेत, स्ट्रायकर आहे. डब्याच्या तळाशी रिकाम्या पट्ट्याही आहेत. त्यांचा रबर बँड तुटला म्हणून मी त्यांना दोरा बांधला आहे.